बॉक्समध्ये काय भरावं, किती, आणि कुठे

गेल्या अंकात आठ इंची वूफरसाठी, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, बंद बॉक्सची मापं कशी काढायची ते लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: बॉक्स तयार झाला, आता आत काय भरू? सांगलीत माझ्याकडे स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा कागदी पडदा, बदलायला येणारा जवळजवळ प्रत्येक बॉक्स मी उघडतो. आत थर्माकोल सापडतो, अंड्यांचे ट्रे सापडतात, जुन्या गादीचा कापूस सापडतो, कधी नुसतंच उघडं लाकूड असतं. मेहनतीनं केलेल्या बॉक्सचा आवाज एवढ्यासाठी बिघडलेला पाहिला की वाईट वाटतं. म्हणून या महिन्याचं सगळं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

तासगावहून एक वाचक: तुमच्या लेखावरून 18 मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाचे धागे दाबून केलेल्या बोर्डाचा) बंद बॉक्स केला. आतलं माप 58 सेंटिमीटर उंच, 26 रुंद, 24 खोल. आठ इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी छोटा ट्विटर. आतून सगळीकडे अर्धा इंच थर्माकोल चिकटवला आहे. मी जुनी नाट्यपदं आणि किराणा घराण्याची ध्वनिमुद्रणं ऐकतो. गाणं मडक्यात तोंड घालून म्हटल्यासारखं येतं आणि मध्येच एखादा स्वर फुगतो. थर्माकोल अजून जाड लावू का?

थर्माकोल काढून टाका. जाड लावून काहीही फरक पडणार नाही, उलट बॉक्सचा आकार तेवढा कमी होईल.

आधी आत काय चाललंय ते पाहू. वूफरचा कोन पुढच्या बाजूला जेवढा आवाज सोडतो, तेवढाच मागच्या बाजूला, बॉक्समध्ये सोडतो. पुढचा आवाज तुमच्या खोलीत पसरतो. मागच्याला जायला जागा नाही. तो समोरच्या भिंतीवर आपटतो, परत येतो, पुन्हा आपटतो. त्याच्या वाटेत सगळ्यांत पातळ भिंत कोणती? कोन. एमडीएफ 18 मिलिमीटर आहे, कोनाचा कागद त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून आत घुटमळलेला आवाज थोड्या उशिरानं कोनातूनच बाहेर येतो आणि मूळ गाण्यात मिसळतो.

सगळेच स्वर सारखे घुटमळत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराच्या लहरीची अर्धी लांबी बरोबर मावते तो स्वर तिथे ठाण मांडतो. हिशेब सोपा आहे: हवेतला आवाजाचा वेग, सेकंदाला साधारण 345 मीटर, भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. तुमच्या उंचीसाठी येतात 297 हर्ट्झ, रुंदीसाठी 663, खोलीसाठी 719. शिवाय उंचीची दुप्पट, म्हणजे 595 हर्ट्झच्या आसपास आणखी एक. हे चारही आकडे माणसाच्या आवाजाच्या ऐन मध्यात बसतात. 297 हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या अगदी जवळ. तुमचा फुगणारा स्वर तिथलाच असणार. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं अ‍ॅप घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि 200 पासून 400 पर्यंत सावकाश वर जा. 300 च्या खाली-वर कुठेतरी आवाज एकदम अंगावर येईल.

जुन्या ध्वनिमुद्रणांत हा दोष जास्त जाणवतो त्यालाही कारण आहे. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर अगदी खालचा खर्ज नाही आणि वरची चमकही नाही. जे काही आहे ते सगळं मधल्या पट्ट्यात आहे, आणि तुमचा बॉक्स नेमका तिथेच ढवळाढवळ करतो आहे.

आता थर्माकोल का नको. आवाज शोषायचा म्हणजे हलणारी हवा बारीक धाग्यांतून घासून न्यायची, म्हणजे तिची हालचाल घर्षणात खर्ची पडते आणि तिची नाममात्र उष्णता होते. थर्माकोलमधले कण बंद असतात, हवा आत शिरतच नाही. एखादा पदार्थ चालेल की नाही हे ओळखायची माझी रीत अशी: तुकडा तोंडाला घट्ट लावून फुंकायचं. श्वास थोड्या अडथळ्यानं पलीकडे गेला तर तो कामाचा. अजिबात गेला नाही तर तो भिंतीसारखाच. थर्माकोल आणि टीव्हीच्या खोक्यात येणारा तो पांढरा चिवट फोम, दोन्ही या परीक्षेत नापास होतात. अंड्यांचे ट्रेही तसेच. त्यांच्या उंचसखलपणाचा परिणाम अगदी वरच्या स्वरांवर थोडाफार होतो, 300 हर्ट्झला ते आहेत की नाहीत हे कळतही नाही.

पण नुसता पदार्थ बदलून काम होणार नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. तो कुठे ठेवता हे पदार्थापेक्षा महत्त्वाचं आहे.

भिंतीला चिकटून असलेली हवा हलू शकत नाही, भिंत तिला हलू देत नाही. तिथे फक्त दाब वर-खाली होतो. हवेची हालचाल सगळ्यांत जास्त होते ती भिंतीपासून स्वराच्या लहरीच्या लांबीच्या चौथाई अंतरावर. 297 हर्ट्झसाठी हे अंतर 29 सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या बॉक्सची बरोबर मधली उंची. धागे फक्त हलणाऱ्या हवेला पकडतात. तेव्हा वरच्या-खालच्या फळीला एक इंच फोम चिकटवला, तर तो अशा जागी बसला जिथे या स्वराची हवा जवळजवळ स्थिर आहे. मग तो फोम काय शोषतो? ज्यांचं चौथाई अंतर एक इंचाच्या आसपास आहे ते स्वर, म्हणजे 3000 हर्ट्झच्या वरचे. तुमच्या बॉक्समध्ये ते स्वर ट्विटरकडे जातात, वूफरच्या मागे ते फारसे नसतातच. ज्या आवाजाचा त्रास नाही तोच शोषला जातो, आणि त्रास देणारा तसाच राहतो.

तुम्ही असं करा. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर गादीवाल्याकडून आणा. दर लिटरला 8 ग्रॅमपासून सुरुवात करायची. तुमचा बॉक्स 36 लिटरचा, म्हणजे सुमारे 290 ग्रॅम. तो हातानं चांगला पिंजून मोकळा करा, गठ्ठे ठेवू नका. त्यातला निम्म्याहून अधिक भाग बॉक्सच्या मधल्या उंचीवर, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा जाड थर होईल असा बसवा. खाली घसरू नये म्हणून मच्छरदाणीच्या कापडाची झोळी करून ती चार बारीक खिळ्यांनी बाजूंना ठोका. उरलेला वूफरच्या मागच्या भिंतीपाशी सैलसर पसरा. कोनाला काहीही टेकता कामा नये. मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर त्याच्यासमोर तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि त्या बाजूला मलमलचं फडकं लावा, नाहीतर धागे आत ओढले जाऊन व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे कोनाला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, अडकतात. मग पुन्हा तोच टोन लावून बघा.

पुढचा बॉक्स करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वूफरचा मध्य बॉक्सच्या मधल्या उंचीजवळ घेतला तर उंचीचा तो पहिला स्वर मुळातच कमी उठतो, कारण तिथे त्याचा दाब सगळ्यांत कमी असतो. दिसायला सुबक म्हणून आपल्याकडे वूफर अगदी तळाशी बसवतात. तिथे तो या स्वराला सर्वांत जास्त चेतवतो.

कवठेमहांकाळहून एक वाचक: बॉक्समध्ये फायबर भरला की बॉक्स आतून मोठा होतो असं एका दुकानदारानं सांगितलं. भरल्यावर जागा कमी व्हायला हवी, मोठी कशी होईल? आणि खरं असेल तर ठासून भरावा का?

दुकानदार खरं बोलला, पण ठासून भरू नका.

हवा दाबली की तापते, सैल झाली की गार होते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो तो यामुळेच. तापलेली हवा दाबाला जास्त विरोध करते, म्हणजे बॉक्समधली हवेची स्प्रिंग कडक होते. आत बारीक धागे पसरलेले असले तर हवा तापताना ते उष्णता घेतात आणि गार होताना परत देतात. तापमान फारसं बदलत नाही, स्प्रिंग मऊ राहते, आणि वूफरला बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा भासतो. सिद्धांतानं ही वाढ जास्तीत जास्त 1.4 पट होऊ शकते. प्रत्यक्षात धागे स्वतः थोडी जागा खातात, उष्णतेची देवाणघेवाणही पुरी होत नाही. 10 ते 25 टक्के मिळाले तरी चांगलं भरलं म्हणायचं.

1954 साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी अकॉस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-1 हा स्पीकर आणला. त्यांनी मऊ सस्पेन्शनचा (कोनाला धरून ठेवणाऱ्या मऊ जोडणीचा) वूफर लहान, हवाबंद बॉक्समध्ये घातला, आत ग्लासवूल भरलं, आणि कोनाला परत जागेवर आणायचं काम मुख्यतः आतल्या हवेकडे सोपवलं. त्याआधी एवढा खोल खर्ज हवा तर कपाटाएवढा बॉक्स लागायचा. आज आपण घरात ठेवतो ते लहान बॉक्स त्या कल्पनेमुळे शक्य झाले आहेत, आणि त्यात आतल्या भरावाचा वाटा मोठा आहे.

तरीही अपेक्षा बेताची ठेवा. समजा वूफरचा मोकळा रेझोनन्स (बॉक्सबाहेर कोन ज्या स्वराला आपसूक सर्वांत जास्त हलतो तो) 35 हर्ट्झ, व्हीएएस (कोनाच्या सस्पेन्शनइतकीच मऊ स्प्रिंग होणारी हवा) 60 लिटर आणि बॉक्स 36 लिटरचा आहे. रिकाम्या बॉक्समध्ये रेझोनन्स येतो 57 हर्ट्झला. भराव घालून बॉक्स 15 टक्के मोठा भासला तर 55. अगदी सिद्धांताची कमाल गाठली तरी 52. खर्जात आकाशपाताळाचा फरक पडत नाही. जास्त जाणवतो तो दुसरा फरक: रेझोनन्सचा उंचवटा बसका होतो, आणि पखवाजाची थाप घुमत न राहता वेळेवर थांबते. स्पीकरच्या बॉक्सचं गणित मांडणाऱ्या थिएल आणि स्मॉल यांच्या गणितात ज्याला क्यूटीसी म्हणतात तो आकडा खाली येतो. तो 1 च्या वर असला की खर्ज ढब्ब होतो, 0.7 च्या आसपास आला की नीट बसतो.

किती भरायचं हे तुम्ही घरी मोजू शकता, आणि मोजाच. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये 100 ओहमचा 5 वॉटचा रेझिस्टर मालिकेत जोडा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या तारा स्पीकरच्या दोन टर्मिनलना लावा. आवाज कमी ठेवून मोबाइलवरचा टोन 20 हर्ट्झपासून 120 पर्यंत एक-दोन हर्ट्झच्या टप्प्यानं वाढवत न्या. ज्या आकड्याला मीटर सगळ्यांत जास्त दाखवेल तो तुमच्या बॉक्सचा रेझोनन्स. आधी रिकामा बॉक्स मोजा. मग 100-100 ग्रॅम फायबर घालत, दर वेळी वूफर नीट आवळून, पुन्हा मोजा. आकडा हळूहळू खाली येईल, मग थबकेल, आणि अजून कोंबलंत तर परत वर जाऊ लागेल. वर जायला लागला म्हणजे धागे इतके दाटले की ते जागाच अडवत आहेत. थबकला त्याच्या थोडं अलीकडे थांबा. बहुतेक बॉक्समध्ये हे लिटरला 8 ते 16 ग्रॅमच्या दरम्यान येतं.

त्यापुढे गेलं की गाण्यातली हवाच निघून जाते. सतारीचा ठोका बोथट होतो, गायकाचा श्वास ऐकू येत नाही. असा कोंदटलेला बॉक्स मला रिकाम्या बॉक्सइतकाच नकोसा वाटतो.

मिरजेहून एक तानपुरे करणारे वाचक: आमच्या घरात तीन पिढ्या तानपुरे होतात. भोपळा निवडताना, तबली तासताना आमचं सगळं लक्ष तो किती बोलतो याकडे. तुम्ही मात्र लाकडाचा बॉक्स करून त्याला गप्प करायला सांगता. लाकूड बोललं तर स्पीकर गोड वाजणार नाही का?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न मिरजेच्याच माणसाला पडावा.

तानपुऱ्याची तार एकटी फार थोडी हवा हलवते. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली नि भोपळा मिळून हवेला. तिथे लाकूड आणि भोपळा आवाज निर्माण करतात. कोणत्या स्वराला ते जास्त साथ देतात यावर त्या तानपुऱ्याचा स्वभाव ठरतो, आणि तो स्वभाव गवई पैसे मोजून घेतो. स्पीकरला असा स्वभाव असून चालत नाही. त्याच्यातून तुमचा तानपुरा वाजणार, तबला वाजणार, सनई वाजणार, घरातल्या लेकराचं रेकॉर्ड केलेलं बोलणं वाजणार. बॉक्सनं स्वतःचा एक स्वर धरला तर तो या सगळ्यांवर सारखाच चढणार.

तुमच्याच गावातलं उदाहरण घेऊ. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांची तबकडी लावली की त्या सुरेल, टोकदार आवाजामागे तानपुरा किती बारीक चाललेला असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. 300 हर्ट्झला हट्टानं घुमणारा बॉक्स त्या तानपुऱ्याशी भांडतो. षड्ज कुठला आहे याची त्याला फिकीर नसते, त्याचा स्वर ठरलेलाच. तानपुरा लावणाऱ्या माणसाला हे इतरांच्या आधी ऐकू येईल.

आणखी एक. भोपळा गोल असतो, त्यात समोरासमोर सपाट भिंती नाहीत, त्यामुळे आपल्या चौकोनी बॉक्ससारखे तीन ठरलेले हटवादी स्वर त्यात तसे उभे राहत नाहीत. काही जण म्हणूनच तिरप्या भिंतींचे बॉक्स करतात. त्यानं स्वर थोडे विखुरतात, पण सगळ्यांत खालचा जात नाही. भराव लागतोच.

विट्याहून एक मंडपवाले वाचक: आमच्या पंधरा इंची पोर्टच्या (हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेल्या) बॉक्समध्येही फायबर भरू का?

नको. पोर्टचा बॉक्स वेगळ्या तत्त्वावर चालतो. पोर्टमधली हवा आणि बॉक्समधली हवा मिळून एका ठरावीक स्वराला झोके घेतात आणि खालचा खर्ज बराचसा पोर्टमधून येतो. मध्ये भराव घातलात तर तो झोकाच दाबला जातो आणि ज्यासाठी पोर्ट ठेवला तेच हातचं जातं. मागच्या, वरच्या आणि एका बाजूच्या भिंतीला दोन इंच जाड उघड्या छिद्रांचा फोम लावा आणि वूफरपासून पोर्टपर्यंतची वाट पूर्ण मोकळी ठेवा. फोम चिकटवून वरून जाळी मारा. गाडीतल्या धक्क्यांनी नुसता गोंद सुटतो आणि फोमचा तुकडा पोर्टच्या तोंडाशी येऊन बसतो.

आटपाडीहून एक वाचक: आमच्या भागात मेंढ्यांची लोकर मुबलक आहे, कातरणीनंतर बरीच पडून राहते. पलूसचा माझा मेहुणा म्हणतो उसाची चिपाडं वापर. दोन्हींपैकी काही चालेल का?

लोकर चालेल, आणि चांगली चालेल. 1965 साली ब्रिटनमध्ये आर्थर बेली यांनी वायरलेस वर्ल्ड मासिकात लांब घडीच्या बोगद्यासारख्या एका बॉक्सची रचना दिली. त्यात वूफरमागचा आवाज लांब धाग्याच्या लोकरीतून नेत नेत विझवला होता. पुढे 1976 मध्ये ब्रॅडबरी यांनी याचं गणित मांडलं: अगदी खालच्या स्वरांना धागे स्थिर राहत नाहीत, हवेबरोबर थोडे हलतात, आणि त्यांच्या वजनामुळे आतला आवाजाचा वेग कमी होतो. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्पीकर करणाऱ्यांनी लोकरीवर मनापासून काम केलेलं आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. पण बॉक्सला मऊपणा लागतच नाही. धागा कुरळा आणि मोकळा राहणारा हवा, एवढंच.

मात्र तयारी नीट करा. कोमट पाण्यात रिठे घालून दोन-तीनदा धुवा, चिकट तेल आणि काटेकुसळं जाऊ द्या. पूर्ण वाळवा. मग पिंजून घ्या, हे टाळू नका. न पिंजलेल्या लोकरीचे गोळे होतात आणि हवा त्यांच्या कडेनं निघून जाते. कसर हा लोकरीचा खरा शत्रू आहे. घट्ट विणीच्या सुती पिशव्यांत भरून मग बॉक्समध्ये ठेवा आणि वर्षातून एकदा उन्हं दाखवा. पॉलिस्टरला यातलं काहीच लागत नाही, म्हणून मी सहसा पॉलिस्टर सुचवतो. पण लोकर घरची असेल तर जरूर वापरा. कुणी मोजून आकडे कळवले तर मी ते याच सदरात देईन.

चिपाडांचं तसं नाही. तुमच्या मेहुण्यांची कल्पना चुकीची नाही: 1920 च्या दशकात अमेरिकेत लुईझियानात उसाच्या चिपाडांपासून सेलोटेक्स नावाचे बोर्ड निघू लागले होते आणि इमारतींत आवाज शोषायलाही ते वापरले गेले. पण ते कारखान्यात धुऊन, लगदा करून, दाबून केलेले. गुऱ्हाळामागची चिपाडं उचलून बॉक्समध्ये भरली तर त्यात उरलेल्या साखरेला मुंग्या लागतील आणि पावसाळ्यात बुरशी येईल. मुंग्या वूफरच्या स्पायडरपर्यंत, म्हणजे कोनाला मागून धरणाऱ्या चुणीदार कापडापर्यंत, पोहोचल्या की दुरुस्ती होत नाही. गादीचा कापूसही तसा टाळावाच. ओल धरतो, आणि काही महिन्यांत गोळा होऊन तळाशी बसतो.

साताऱ्याहून एक वाचक: बॉक्सच्या बाजूला हात ठेवला तर मोठ्या आवाजात थरथर जाणवते. फायबर वाढवला तरी थांबत नाही.

थांबणारच नाही, कारण हा वेगळा आजार आहे. फायबर आतल्या हवेला आवरतो. तुमच्या बॉक्सची फळी हलते आहे. तिला आवरायला वजनदार, चिकट, लवचीक असं काहीतरी तिलाच चिकटवावं लागतं किंवा आतून आधार द्यावा लागतो.

बोटाच्या पेरानं बाजूची फळी ठोकत वरून खाली या. जिथे आवाज लांबतो आणि पोकळ येतो तिथे आतून दोन समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी लाकडी दांडी बसवा, दोन इंच बाय एक इंच पुरे. ती बरोबर मध्यावर घेऊ नका, थोडी एका बाजूला घ्या, म्हणजे फळीचे दोन सारखे तुकडे होत नाहीत आणि दोन्ही एकाच स्वराला हलत नाहीत. उरलेल्या जागेवर डांबरी शीट चिकटवा, चारचाकीच्या दारांच्या आत लावतात तीच. हेअर ड्रायरनं थोडी गरम केली की पक्की बसते. सगळी फळी झाकायची गरज नाही, मधला मोठा भाग झाकला तरी भागतं.

बीबीसीनं 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस3/5ए हा छोटा स्पीकर याचा नमुना आहे. त्यांनी भिंत जाड करण्याचा मार्ग घेतला नाही. बर्च प्लायची पातळ भिंत घेतली आणि तिला आतून डांबरी थर दिला. जाड, कडक फळीही हलतेच, फक्त तिचा स्वर वर सरकतो, जिथे आपला कान जास्त तीक्ष्ण असतो. पातळ फळीचा स्वर खाली राहतो आणि डांबर त्याला चटकन विझवतं. त्याच बॉक्समध्ये आतल्या हवेसाठी फोमचं अस्तर वेगळं होतं. दोन कामं, दोन पदार्थ.

सांगलीहून एक वाचक: 2019 च्या महापुरात आमच्या घरात कंबरभर पाणी होतं. त्यात भिजलेले वडिलांचे स्पीकर वाळवून माळ्यावर ठेवले होते, आता काढले आहेत. आत पिवळसर ग्लासवूल आहे. वापरता येतील का?

ग्लासवूल काढून टाका. पुराचा गाळ धाग्यांत बसलेला असतो, हवा त्यातून नीट जात नाही, आणि वासही जात नाही. काढताना नाकातोंडाला फडकं, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काम अंगणात करा. बॉक्स एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचा असेल आणि खालची कड फुगलेली असेल तर तो परत जागेवर येत नाही. त्याची मापं घेऊन नवा करा, आतली मापं तंतोतंत तीच ठेवा. प्लायचा असेल आणि थर सुटले नसतील तर सांध्यांना आतून फेविकॉलचा हात देऊन चालेल.

वूफर बाहेर काढा. कोन दोन्ही हातांनी अगदी समतोल आत दाबून सोडा. खरखर लागली तर मॅग्नेटमधल्या अरुंद फटीत गंज किंवा गाळ आहे, तो कोन बदलताना साफ होतो. कडेचा फोम बोट लावताच भुगा होत असेल तर तोही बदलावा लागेल. दमट हवेत त्या फोमचं आयुष्य तेवढंच असतं, पुराचा त्यात दोष असेलच असं नाही. वूफर धड निघाला तर आत नवा पॉलिस्टर फायबर घाला. जुन्या ग्लासवूलचं वजन धरून चालू नका, त्यात गाळाचं वजन आहे. लिटरला 8 ग्रॅमपासून सुरू करून वर कवठेमहांकाळच्या उत्तरात दिलेल्या रेझिस्टरच्या पद्धतीनं मोजत जा. दोन्ही बॉक्समध्ये सारख्याच वजनाचा आणि सारखाच पिंजलेला फायबर पडू द्या, नाहीतर डावा-उजवा आवाज जुळणार नाही.